रहस्यकथा आणि वृत्तपत्रकाराचा मृत्यू

रहस्यकथेकडे आपल्या समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावे घरोघरी पोचली. परंतु वाङ्मयविचारात त्यांची दखल बहुधा पुस्तकांच्या संख्येपुरतीच घेतली गेली. या उपेक्षेमुळे एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. या वाङ्मयप्रकाराची सत्याविषयीची कल्पना कोणती, आणि ती कोठवर पुरते? वृत्तपत्रकाराचा संशयास्पद मृत्यू आणि त्याचा छडा लावू पाहणारा खाजगी गुप्तहेर हे कथानक कसोटीस लावले, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाते.

रहस्यकथा तीन गोष्टी गृहीत धरते. गुन्ह्याचा हेतू दडलेला असतो; संशय सर्वांवर सारखाच घेता येतो; आणि गुन्हेगाराचे नाव उच्चारले की कथा संपते. वारसाहक्काच्या भांडणातून घडलेल्या खुनाला ही चौकट पुरते. वृत्तपत्रकाराच्या मृत्यूला ती पुरते काय?

हेतूचा विचार प्रथम करू. कोकणातील बारसू येथील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासंबंधी सातत्याने लिहिणारे ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूर येथे मोटारीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. धडक बसली त्याच दिवशी त्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. त्या वृत्तात ज्याच्याविषयी लिहिले होते, त्यालाच पोलिसांनी आरोपी म्हणून अटक केली. आरंभी सौम्य कलमांखाली नोंदविलेल्या गुन्ह्यास पुढे खुनाचे कलम लागले व विशेष तपास पथक नेमले गेले. दोषनिश्चिती हे न्यायालयाचे काम आहे. समीक्षकाने पाहावयाचे ते एवढेच, की येथे शोधाचे पहिले सूत्र तळघरात किंवा गुप्त कपाटात दडलेले नव्हते. ते मृताने स्वतःच लिहून छापले होते आणि गावाने ते सकाळी वाचले होते. जे सर्वांसमोर आहे त्याचे रहस्य कसे करावयाचे, हा पेच रहस्यकथेच्या तंत्राला सुटत नाही.

दुसरे गृहीत अधिक घातक आहे. प्रत्येक पात्रावर काही काळ संशयाची छाया टाकणे हा या प्रकारातील एक निर्दोष आनंद मानला जातो. ‘मिड-डे’चे गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांची ११ जून २०११ रोजी मुंबईत पवई येथे गोळ्या घालून हत्या झाली. त्या खटल्यात पत्रकार जिग्ना व्होरा यांनाही आरोपी करण्यात आले. मे २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने छोटा राजन याच्यासह नऊ जणांना जन्मठेप दिली आणि व्होरा यांना निर्दोष ठरविले. दरम्यान त्यांनी काही महिने भायखळ्याच्या तुरुंगात काढले होते; त्या दिवसांचे त्यांचे पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कादंबरीत तीस पृष्ठांनंतर पुसला जाणारा संशय जीवनात वर्षानुवर्षे पुसला जात नाही. लेखकाला त्याची किंमत ठाऊक असली पाहिजे.

तिसरे गृहीत शेवटाविषयीचे आहे. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवितो. परंतु सत्य सापडणे आणि ते सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. आपल्या देशात खाजगी गुप्तहेराला तपासाचे कोणतेही वैधानिक अधिकार नाहीत. या व्यवसायाच्या नियमनासाठी २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाचाही कायदा झाला नाही. म्हणजे आपला गुप्तहेर ज्या क्षणी नाव उच्चारतो, त्या क्षणी खरी कथा सुरू व्हावयास हवी. इटालियन कादंबरीकार लिओनार्दो शाशा याने हे ओळखले होते. १९६६ मधील त्याच्या एका कादंबरीत दुहेरी खुनाचा उलगडा करू पाहणारा शिक्षक स्वतःच मारला जातो, आणि शेवटी कळते ते हे, की गावाला सर्व काही ठाऊकच होते. तेथे रहस्य गुन्ह्याचे उरत नाही, ते मौनाचे होते.

मराठीत या मौनाच्या जवळ पोचला तो अरुण साधूंचा दिगू टिपणीस. ‘सिंहासन’मधील (१९७७) हा पत्रकार सत्तेचे अंतरंग पाहतो, आणि पाहणे व छापणे यांमधील दरी त्याच्या वाट्यास येते. दिगूपाशी ज्ञान आहे, पण उलगडा नाही; धनंजयापाशी उलगडा आहे, पण समाजाचे ज्ञान नाही. एकाला आपण वाङ्मयाच्या दिवाणखान्यात बसविले आणि दुसऱ्याला फिरत्या वाचनालयाच्या फळीवर ठेवले. या दोघांची गाठ पडेल अशी कादंबरी आपल्याला हवी आहे.

तिच्यासाठी रहस्यकथेला तुच्छ लेखून चालणार नाही. तिचे तंत्र अपुरे असले, तरी तिची एक श्रद्धा मोलाची आहे: कोणताही मृत्यू हिशेबावाचून राहता कामा नये. जेथे धडकेची नोंद प्रथम अपघात म्हणून होऊ शकते, तेथे ही श्रद्धा गंभीर साहित्यानेही आपली मानली पाहिजे. ‘कोणी मारले’ या प्रश्नापुढे जाऊन ‘ठाऊक असूनही कोण गप्प राहिले’ हे जी कथा विचारील, तिच्यात वाचकालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल.