आधी आणि नंतर

वर्तमानपत्रातून पडणारी जाहिरातीची पत्रकं मी टाकून देत नाही, वाचते. मराठी घेऊन बी.ए. झालीस, त्याचा संसारात उपयोग काय, असं आमच्याकडे अधूनमधून विचारलं जातं. उपयोग एवढाच, की हाती आलेला कुठलाही कागद मी मजकूर म्हणून वाचते. मग ती किराणाच्या पुडीची का असेना. तर गेल्या पावसाळ्यात माझी भाची असंच एक पत्रक घेऊन टिळकवाडीतल्या आमच्या घरी आली. केमिकल पीलचं. गुळगुळीत कागद, दोन फोटो, एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. आणि मजकूर असा, की डाग, वण, खड्डे, वांग, काळपटपणा या सगळ्यांवर हा एकच उपाय.

"मावशी, करून घेऊ काय गं? दिवाळीनंतर पाव्हणे बघायला येणार म्हणतायत."

तिच्या दोन्ही गालांवर मुरमांच्या खुणा आहेत. काही नुसत्या तपकिरी, काही खोल. हनुवटीखाली लहानपणी उडालेल्या तेलाची एक खूण आहे, जरा वर आलेली. मी म्हटलं, "आधी हा कागद नीट वाचू की दोघी." ते वाचनच इथं लिहिते आहे.

या पत्रकाचा पहिला दोष भाषेचा आहे, आणि तो किरकोळ नाही. डाग आणि वण हे दोन शब्द त्यात एकाच अर्थाचे असल्यासारखे शेजारी बसवलेत. आपल्या आज्ज्यांना हा फरक नीट ठाऊक होता. त्या 'देवीचे वण' म्हणत. 'देवीचे डाग' असं मी कधी ऐकलं नाही. 1977 साली आपला देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, पण माझ्या आज्जीच्या तोंडावर देवी आपली सही करून केव्हाच गेली होती. रात्री तिच्या कुशीत निजताना तिच्या गालावरून हात फिरवला, की ते वण बोटाला लागायचे. अंधारातसुद्धा. डाग अंधारात लागत नाही. डाग रंगाचा असतो, वण कातडीच्या घडणीचा. डोळे मिटून बोट फिरवा, म्हणजे तुमच्या गालावर काय आहे ते निम्मं तुम्हालाच कळेल.

हा फरक कळला, की पील काय करतं आणि काय करत नाही हे आपोआप उलगडतं. पील म्हणजे आम्लानं कातडीचा वरचा थर मोजून-मापून उतरवणं. आम्लांची नावं परकी वाटतात, पण मुळं आपल्या ओळखीची: ग्लायकोलिक उसात सापडतं, लॅक्टिक आंबलेल्या दुधात. ही सौम्य पिलं कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात काम करतात. तो थर तसाही साधारण महिन्याभरात नवा होत असतो. पील त्याला घाई करतं. मुरूम गेल्यावर उरलेला तपकिरी डाग बऱ्याचदा याच थरात असतो, म्हणून तो काही बैठकांनंतर फिका होऊ शकतो. खोल वणाचं मूळ मात्र त्याच्या खालच्या थरात असतं. तिथं जखम भरताना तंतू कमी पडले तर खड्डा होतो, जास्त झाले तर कातडी वर येते. वरून कितीही हलकेच खरवडलं तरी खालचा खड्डा बुजत नाही. जमीन खचली असेल तर वरचं सारवण बदलून काय होणार?

मग खोल पील करावं, असं कुणी म्हणेल. करतात. 1882 साली जर्मनीत उन्ना नावाच्या डॉक्टरांनी सॅलिसिलिक, फिनॉल, ट्रायक्लोरोॲसेटिक अशा आम्लांचे कातडीवरचे परिणाम लिहून ठेवले, म्हणजे ही विद्या आजची नाही. सुईनं टोचल्यासारख्या अरुंद, खोल वणांसाठी आजचे त्वचारोगतज्ज्ञ तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड काडीच्या टोकानं फक्त त्या छिद्रात लावतात. आजूबाजूची कातडी सोडून देतात. त्यानं तळाशी नवे तंतू तयार होऊन खड्डा उथळ होतो, नाहीसा होत नाही. फिनॉल तर इतकं खोल जातं, की ते वापरताना हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. ही कामं पार्लरच्या खुर्चीवरची नव्हेत. पत्रकात यातला एकही भेद नाही. 'पील' हा एकच शब्द, जणू सगळी पिलं एकाच वाटीतली.

दुसरा दोष मौनाचा. जुन्या भाजलेल्या जागेबद्दल पत्रक अवाक्षर काढत नाही. वरचा थर सोलल्यावर नवी कातडी बऱ्याच अंशी केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींतून उगवते. भाजून झालेल्या वणात ही मुळंच थोडी उरलेली असतात. म्हणजे सोलायला सोपी, भरून यायला अवघड अशी ती जागा. वर आलेला वण पिलानं सपाट होत नाही. ज्यांच्या अंगावर असे वण वाढत जातात, त्यांना खोल पिलामुळे नवा वण येण्याचीच भीती. आणि आपली गव्हाळ-सावळी कातडी! तिला जरा दुखावलं की ती रुसून काळी पडते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. थोरल्याच्या लग्नाआधी मी स्वतः पील करून घेतलं होतं. कुकरच्या वाफेनं कानाजवळ भाजलेली एक जुनी खूण होती, ती फोटोत दिसू नये एवढीच इच्छा. घरी सांगितलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. पार्लरातल्या पोरीनं ऊन टाळा म्हटलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी गच्चीवर पापड वाळत घातले. ऐन मे महिना. लग्नात त्या जागेवर रुपयाएवढा काळा डाग होता, आणि तो फिका व्हायला आठ महिने लागले. वण होता तिथंच राहिला. म्हणजे आधी माझ्याजवळ नुसता वण होता, नंतर वणही झाला आणि डागही. कुणी विचारलं तर मी फोडणी उडाली म्हणून सांगत होते. आज पहिल्यांदा खरं लिहिते आहे.

आता फोटोंकडे येऊ. 'आधी'च्या फोटोत उजेड बाजूनं येतो, म्हणून प्रत्येक खड्ड्याला सावली आहे. 'नंतर'च्या फोटोत उजेड समोरून येतो, सावल्या पुसल्या जातात. 'आधी'ची बाई केस ओढून बांधलेली, ओठ मिटलेली. 'नंतर'ची केस मोकळे सोडून हसते आहे. तिला हसवलंय कुणी, आम्लानं? दोन फोटोंमध्ये किती महिने गेले, किती बैठका झाल्या, सोबत दुसरं काय लावलं, काही नाही. कथेत मधला सगळा भाग गाळून नुसता शेवट दिला, तर आपण तिला कथा म्हणू काय?

पाठशाळेत आपण सनत्कुमार चक्रवर्तीची गोष्ट ऐकली आहे. त्याचं रूप बघायला देव येतात, तेव्हा तो स्नानाच्या तयारीत, अंगावर दागिना नाही. देव हरखून जातात. तो गर्वानं म्हणतो, दरबारात या, नटूनथटून बसलो की बघा. ते येतात आणि मान हलवतात: मघाचं रूप राहिलं नाही. आधी आणि नंतरची मला माहीत असलेली ही सगळ्यात जुनी जोडी, आणि तिच्यात 'आधी' जिंकतो. गोष्टीचा रोख वैराग्याकडे आहे, हे मला कळतं. भाचीला मी वैराग्य सांगितलं नाही. बावीस-तेवीसच्या पोरीला आपला गाल नितळ असावा वाटलं, तर त्यात पाप नाही. तिला खोटं विकू नये, एवढंच माझं म्हणणं.

आम्ही दोघी त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी आधी भाचीलाच प्रश्न विचारले: मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का, ओठांवर ज्वराचे फोड येतात का, घरात कुणाचे वण वाढत जातात का. मग सांगितलं: काही आठवडे मलम आणि रोज उन्हापासून बचावाची क्रीम, त्यानंतर डागांसाठी सौम्य पील, खोल छिद्रांचं पुढे बघू, हनुवटीखालच्या खुणेला पील नको. दिवाळीपर्यंत काय होईल, या प्रश्नाला त्या हसून म्हणाल्या, "दिवाळी होईल." मला ते उत्तर पत्रकापेक्षा फार प्रामाणिक वाटलं.

परीक्षण इथं संपवता आलं असतं. पण दुसऱ्याचा मजकूर तपासणाऱ्या बाईनं आपलाही काढून दाखवावा. आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेची मुद्रितं गेली कित्येक वर्षं मी तपासते. तिच्यात 'रंग' असा एक रकाना आहे. आयांचे फोन येतात, "वैनी, सावळीचं तेवढं गव्हाळ करा की." मी केलंय. 'गव्हाळ'चं 'उजळ'सुद्धा केलंय. कसलं आम्ल नको, ऊन टाळायला नको, पेनाच्या एका फटक्यात पील. त्या पत्रकाला गिऱ्हाईक कुठून मिळतं, याचं उत्तर माझ्याच हस्ताक्षरात आहे.

यंदाच्या बैठकीत मी तो रकाना काढून टाकायचं सुचवलं. दोघींनी मान डोलावली, बाकीच्या चहा आणायला उठल्या. विषय पुढच्या बैठकीवर गेलाय. भाचीचा फोटो मात्र पुस्तिकेत छापायला गेला, तेव्हा फोटोवाल्यानं विचारलं, "गाल जरा साफ करू काय?" ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "नको. येणाऱ्यांना काय आहे ते कळू दे."