कर्करोग नोंदणी आणि आरोग्य-अभिलेखांची जोडणी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल २०१२ ते २०१६ या काळातील २८ लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रांच्या माहितीवर आधारलेला आहे. त्यात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड ही केंद्रे आहेत. चंद्रपूर व गडचिरोली मात्र नाहीत. विविध आरोग्य-अभिलेखांची संगणकीय जोडणी केल्यास अशा उणिवा भरून निघतील, असे प्रतिपादन केले जाते. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाचा परामर्श घेतला आहे.

अहवालाची मर्यादा :
पुरुषांमधील वयसमायोजित प्रमाण उस्मानाबाद-बीडमध्ये दर लाखी ३९.५ इतके सर्वांत कमी, तर ऐझॉलमध्ये २६९.४ इतके सर्वाधिक आढळले. तंबाखू व आहार यांतील भेद लक्षात घेतले तरी हा फरक केवळ रोगाचा की नोंदीचाही, हा प्रश्न उरतोच. केवळ मृत्यू-दाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण हा नोंदणीच्या गुणवत्तेचा एक निकष मानला जातो. परंतु मृत्यू घरीच झाला आणि दाखल्यावर वैद्यकीय कारणच नसेल, तर हे प्रमाण कमी दिसते आणि दोष गुणासारखा भासतो.

विखुरलेल्या नोंदी :
या दोन जिल्ह्यांत अभिलेखांचा अभाव नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेल्या या योजनेत कर्करोगाच्या उपचारांचे दावे नोंदले जातात. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले. याशिवाय ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदी आहेत. तपासणी चंद्रपुरात आणि किरणोपचार नागपुरात घेणारा एकच रुग्ण दोन ठिकाणी नोंदला जाऊ शकतो. जोडणीमुळे अशी पुनरावृत्ती बऱ्याच अंशी टळू शकते.

तथापि पुनरावृत्ती आणि वगळणूक या परस्परविरुद्ध चुका आहेत. जोडणी पहिली चूक बऱ्याच अंशी, तर दुसरी थोड्याच अंशी दुरुस्त करू शकते. एका रुग्णालयातून सुटलेला रुग्ण दुसऱ्या अभिलेखात सापडेल. जो कोणत्याच दारी पोहोचला नाही, तो सापडणार नाही. परिणामी आकडा अधिक शुद्ध, परंतु प्रत्यक्षाहून लहान होण्याचा धोका आहे.

याचा पुरावा याच भूमीत आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. त्या काळी सर्व रुग्णालयांचे अभिलेख जोडले असते, तरी उरलेल्या स्त्रिया त्यांत दिसल्या नसत्या. हा अभ्यास कर्करोगाचा नव्हता. पण अभिलेख आणि वास्तव यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते.

जोडणीतील अडचणी :
डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकास एकच क्रमांक असल्याने जोडणी सुकर झाली. आपल्याकडे अनेकदा नाव, वय आणि गाव यांवरच भिस्त ठेवावी लागते. गोंडी वा माडिया भाषक स्त्रीचे नाव लिपिकागणिक बदलते, वय अंदाजे लिहिले जाते, एकाच नावाची अनेक गावे असतात. शिवाय सिरोंच्याच्या रुग्णास तेलंगणा जवळचे. तेथील नोंदी राज्याच्या जोडणीत येणार नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनास अटींसह सवलत दिली असली, तरी मोजक्या घरांच्या पाड्यात नाव झाकूनही रुग्ण ओळखला जातो, याचे भान ठेवावयास हवे.

निष्कर्ष :
१९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीने रुग्णालयात वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव पाठविले. चंद्रपूर-गडचिरोलीस तीच पद्धत प्रथम हवी. आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने गावपातळीवर संशयित रुग्ण व घरगुती मृत्यूंचे कारण नोंदवावे आणि मग त्या नोंदी योजनेच्या व रुग्णालयांच्या अभिलेखांशी जोडाव्यात. हा क्रम उलटल्यास अल्प आकड्याच्या आधारे अल्प निधी मिळेल, अल्प निधीमुळे निदान कमी होईल आणि कमी निदानातून पुन्हा अल्प आकडाच हाती येईल.