एडीएचडी, व्हिडिओ कॉल आणि २२३ मुलं: एक शोधनिबंध नीट वाचू या

"ऑनलाइन एडीएचडी तपासणी प्रत्यक्ष तपासणीइतकीच चांगली असते, हे संशोधनाने सिद्ध झालंय." असं वाक्य जाहिरातीत, रीलमध्ये, कधी कधी तर सेमिनार रिपोर्टमध्येही भेटतं. पेट झालेल्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या कुणीही अशा वाक्यापुढे थांबून दोन प्रश्न विचारायला हवेत. कुठल्या अभ्यासाने सिद्ध झालं? आणि त्या अभ्यासात कशाची तुलना कशाशी केली होती?

आज यासाठी एकच शोधनिबंध घेऊ. कॅथलीन मायर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये बालमनोविकारशास्त्राच्या तिथल्या प्रमुख जर्नलमध्ये आला. अभ्यास चांगला आहे, हे आधीच सांगतो. माझी तक्रार अभ्यासाबद्दल कमी आणि त्याच्या नावावर जे खपवलं जातं त्याबद्दल जास्त आहे.

अभ्यासात नेमकं काय केलं?

वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतली ७ गावं-शहरं, ८८ प्राथमिक डॉक्टर आणि त्यांनी पाठवलेली २२३ मुलं, वय साधारण साडेपाच ते बारा वर्षं. मुलांची रँडम पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. पहिल्या गटाला २२ आठवड्यांत ६ सत्रं मिळाली. त्यात मनोविकारतज्ज्ञ व्हिडिओवरून औषध ठरवत होते आणि पालकांना मुलाशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण मिळत होतं. हे प्रशिक्षण देणारा थेरपिस्ट मात्र स्थानिक होता आणि पालकांसमोर प्रत्यक्ष बसत होता. दूरवर होते ते त्याला शिकवणारे आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणारे तज्ज्ञ. दुसऱ्या गटाला तज्ज्ञांचा एकच व्हिडिओ सल्ला मिळाला आणि पुढचे उपचार नेहमीच्या डॉक्टरांनी केले.

निकाल असा की दोन्ही गटांतली मुलं सुधारली आणि पहिल्या गटातली जास्त सुधारली. बातमी इथेच संपते. आपलं काम इथून सुरू होतं.

तुलनागट बघा

पहिल्या गटात व्हिडिओ होता, दुसऱ्यातही व्हिडिओ होता. प्रत्यक्ष मनोविकारतज्ज्ञाकडे जाणारा तिसरा गट या अभ्यासात नाहीच. म्हणजे 'पडदा विरुद्ध खोली' ही तुलना इथे झालेलीच नाही. तुलना झाली ती ६ सत्रं विरुद्ध १ सत्र, शिवाय पालक प्रशिक्षण विरुद्ध प्रशिक्षण नाही, अशी. जास्त आणि सलग सेवा मिळाली तर मूल जास्त सुधारतं, एवढं या आकड्यांवरून म्हणता येतं. 'ऑनलाइन म्हणजे प्रत्यक्षाइतकंच' हे म्हणता येत नाही.

'इतकंच चांगलं' असा दावा करायचा असेल तर अभ्यासाची रचनाच वेगळी लागते. तिला नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल म्हणतात. किती फरक पडला तरी 'फारसा वाईट नाही' म्हणायचं, ती मर्यादा आकडे हातात येण्याआधी ठरवावी लागते. दोन गटांत फरक सापडला नाही, एवढ्यावरून ते सारखे आहेत असं होत नाही. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून पाठ करू नका, समजून घ्या.

मोजमाप कुणी केलं ते बघा

पालकांनी भरलेल्या व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत पहिला गट सगळीकडे पुढे आहे: लक्ष न लागणं, अतिचंचलपणा, विरोधी वागणं, रोजचं काम. शिक्षकांनी भरलेल्या त्याच प्रश्नावलीत मात्र लक्षणीय फरक दिसतो तो विरोधी वागणं आणि शाळेतली कामगिरी या दोनच बाबतींत. एडीएचडीच्या मूळ लक्षणांत शिक्षकांना तेवढा फरक दिसला नाही.

याचा अर्थ काय? आपण कुठल्या गटात आहोत हे पालकांना माहीत होतं. ६ वेळा वेळ काढून जाणाऱ्या, प्रशिक्षण घेणाऱ्या आईला सुधारणा जास्त दिसणं साहजिक आहे. पालक खोटं बोलले असं मी म्हणत नाही. प्रशिक्षणामुळे घरातलं वातावरण खरंच बदललं असेल आणि वर्गातलं नसेल, हेही शक्य आहे. पण ब्लाइंडिंग नसताना एकाच घरातला माणूस उपचारातही भागीदार आणि परीक्षकही असेल, तर त्या आकड्यावर शंकेची एक टीप लिहायलाच हवी.

सहा प्रश्न आणि एक गणित

हा अभ्यास लहान मुलांचा होता आणि ती मुलं डॉक्टरांनी पाठवलेली होती. आपल्या वयाची मंडळी मात्र थेट मोबाइलवर सहा प्रश्नांची चाचणी देतात. ही चाचणी म्हणजे बहुतेक वेळा एएसआरएसचा पहिला भाग. जागतिक आरोग्य संघटनेसोबत रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केली. ती चाळणी आहे. निदान तिच्यानंतर सुरू होतं.

मूळ निबंधात तिची सेन्सिटिव्हिटी ६८.७ टक्के आणि स्पेसिफिसिटी ९९.५ टक्के आहे. हे आकडे अमेरिकेतल्या घरोघरच्या सर्वेक्षणातून निवडलेल्या १५४ जणांच्या मुलाखतींवरून काढलेत. त्याच सर्वेक्षणात प्रौढांमधलं एडीएचडीचं प्रमाण ४.४ टक्के निघालं. आता १००० माणसं घ्या. ४४ जणांना एडीएचडी आहे, चाळणीत सापडतील सुमारे ३०. उरलेल्या ९५६ पैकी चुकून पकडले जातील सुमारे ५. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या ३५ पैकी ३० खरे. झकास!

पण चाचणी देणारी माणसं सर्वेक्षणातली नसून झोप उडालेली, फेलोशिप अडकलेली, चिंतेत असलेली असतील तर? चिंता, नैराश्य, अपुरी झोप यांतही लक्ष लागत नाही. समजा, अशा गटात स्पेसिफिसिटी ९० टक्क्यांवर आली. हा आकडा मी फक्त गणितासाठी घेतलाय. बाकी सगळं तेच ठेवलं तर चुकून पकडलेले ९६ होतात आणि १२६ पैकी खरे ३०. चारातला एकसुद्धा नाही. प्रश्न तेच, फक्त विचारले कुणाला ते बदललं.

म्हणूनच डीएसएम-५ फक्त आजची लक्षणं बघत नाही. काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी होती का, ती घर, शाळा, काम अशा निदान दोन ठिकाणी दिसतात का आणि दुसऱ्या कशाने ती जास्त चांगली समजतात का, हे विचारते. हे सगळं व्हिडिओवर विचारता येतं, त्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. अडचण असते ती वेळेची आणि आईला, जुन्या शिक्षकांना त्या संवादात आणण्याची. दहा मिनिटांच्या कॉलवर माझा आक्षेप आहे तो त्यातल्या दहा मिनिटांवर.

आपल्याकडे गोळीचा प्रश्न वेगळा आहे

मायर्स यांच्या अभ्यासात औषध व्हिडिओवरून ठरत होतं. तो निष्कर्ष नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आणायचा तर आधी कायदा वाचा. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात औषधांच्या 'ओ', 'ए', 'बी' अशा याद्या आहेत आणि एक निषिद्ध यादी आहे. शेड्यूल एक्समधली आणि एनडीपीएस कायदा, १९८५ खाली येणारी औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहिता येत नाहीत. एडीएचडीचं मुख्य उत्तेजक औषध मिथाइलफेनिडेट दोन्हीकडे आहे. प्रत्यक्ष लिहिलं तरी चिठ्ठी दोन प्रतींत लागते, दुकानदाराला वेगळा परवाना लागतो आणि एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. ॲटोमोक्सेटीन हे दुसरं औषध उत्तेजक नाही, त्यामुळे ते या निषिद्ध यादीत येत नाही.

म्हणजे भारतात 'टेलिहेल्थमधून एडीएचडी उपचार' हा हस्तक्षेपच वेगळा आहे. नाव तेच, आतला माल निराळा. आपल्या सिनॉप्सिसमध्ये परदेशी निकाल जसाच्या तसा उचलला तर पहिला घोटाळा इथे होतो.

निर्बंधामागे कारण आहेच. अमेरिकेत साथीच्या काळात अशा औषधांसाठी प्रत्यक्ष भेटीची अट सैल केली होती. जून २०२४ मध्ये तिथल्या न्याय खात्याने डन ग्लोबल या ऑनलाइन कंपनीच्या दोन वरिष्ठांवर अटकेची कारवाई केली. आरोप ४ कोटींहून जास्त उत्तेजक गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचा होता. तरीही आपल्या नियमावर माझा एक आक्षेप आहे. तो औषधाचं नाव बघतो, उपचाराचा टप्पा बघत नाही. पहिल्या कॉलवरच गोळी मागणारा आणि दोन वर्षं प्रत्यक्ष तपासणी झालेला, तोच डोस घेणारा रुग्ण, दोघांना एकच दार बंद. खरं तर 'बी' यादी हाच फरक करते: आधी प्रत्यक्ष भेट, मग त्याच आजाराच्या फॉलोअपला दूरस्थ चिठ्ठी. हा विचार इथे का लागू करू नये, याचं उत्तर पुराव्याने द्यायला हवं. तो पुरावा गोळा करणं हाच संशोधनाचा विषय आहे.

नगरमध्ये हा अभ्यास कसा दिसेल?

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोक. मेडिकल कॉलेजं लोणीला आणि विळद घाटात. अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरून नगरला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त, एसटी बदलत आणि दिवसाची मजुरी बुडवून. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बरोबर गेलेल्या मुलाच्या बाबतीत 'शाळेत कसं वागतं' हे लिहिणारा शिक्षक तरी कुठला धरायचा? घर आणि शाळा अशा दोन ठिकाणांचा निकष लावायचा, तर इथे एक ठिकाण अर्धं वर्ष गायबच असतं. ॲप कितीही चांगलं असलं तरी ही पोकळी ते भरत नाही.

मात्र मायर्स यांच्या अभ्यासातली एक गोष्ट इथे नक्की बसते: स्थानिक माणूस प्रत्यक्ष समोर आणि तज्ज्ञ पडद्यावर. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्या साध्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवून दाखवलंय. डॉक्टरला डॉक्टरशी जोडणारी ई-संजीवनी सरकारकडे २०१९ पासून आहे. याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचाराची जबाबदारी पहिल्याचीच राहते. माझं वाचन असं, की रुग्ण तालुक्याच्या डॉक्टरसमोर बसलेला असेल, त्याने रक्तदाब, नाडी, वजन तपासलं असेल आणि लोणीतला तज्ज्ञ पडद्यावर असेल, तर चिठ्ठी प्रत्यक्ष भेटीचीच होते.

मग सिनॉप्सिसचा प्रश्न असा लिहा: तालुक्याचा डॉक्टर आणि पडद्यावरचा तज्ज्ञ यांनी मिळून केलेलं निदान, तज्ज्ञाने स्वतंत्रपणे प्रत्यक्ष केलेल्या निदानाशी किती जुळतं? दोघांनी एकमेकांचा निकाल बघायचा नाही. मान्य फरकाची मर्यादा आधी ठरवायची. शिक्षकांची प्रश्नावली मराठीत आणायची तर फक्त भाषांतर पुरणार नाही, ती इथल्या मुलांवर पडताळावी लागेल. आणि कारखान्यावर गेलेली मुलं 'डेटा मिळाला नाही' म्हणून वगळायची नाहीत. ज्यांच्यासाठी दूरस्थ सेवा हवी म्हणतो, तीच मुलं वगळली तर उरलेल्या आकड्यांचा त्यांना काही उपयोग नाही.

स्वतःबद्दल शंका असेल तर सहा प्रश्नांचा स्कोअर टाकून देऊ नका आणि त्यावर शिक्काही मारू नका. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधा, आईला विचारा आणि ते घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जा. कुणाकडे जावं कळत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.