डिजिटल दप्तरखान्यांतील पोथ्या व पत्रानुक्रमाचा प्रश्न

जुनी पोथी हातीं आली म्हणजे प्रथम पत्रें मोजावीं, मग वाचावयास बसावें, असा संग्राहकांचा परिपाठ आहे. डिजिटल दप्तरखान्यांत तो कितपत पाळला जातो, हें पाहण्याचा प्रसंग आम्हांस नुकताच आला. जें दिसलें तें वाचकांपुढें ठेवणें अवश्य वाटतें.

एका संस्थेच्या भांडारांत (तिच्या नांवाशीं येथें प्रयोजन नाहीं) धर्मशास्त्रावरील एक पोथी छायाचित्ररूपानें ठेविली आहे. पोथी आमच्या परिचयाच्या एका घराण्यांतील. चित्रें स्वच्छ, अक्षर वळणदार, शेवटचा पत्रांक ४६, आणि नोंदींत ‘पृष्ठें ८९’ असा आंकडा. ४६ पत्रांच्या बाजू ९२ व्हावयास पाहिजेत. तीन कोठें गेल्या? शोध घेतां एकीचा उलगडा लागलीच झाला. पहिल्या पत्राची पहिली बाजू कोरी सोडून मजकूर त्याच्या पाठीवर आरंभावा, अशी पोथ्या लिहिण्याची नेहमींची रीत. ती कोरी बाजू निरुपयोगी समजून चित्र घेणारानें वगळली. उरलेल्या दोन २९ व्या पत्राच्या. त्याविषयीं पुढें सांगूं.

कोरी बाजू गाळल्यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडलें तें असें कीं, चित्रांच्या संख्येवरून पत्र व बाजू काढणाराचा हिशेब आरंभापासूनच एका बाजूनें चुकतो. २३ वें चित्र तो १२ व्या पत्राची पहिली बाजू म्हणून नमूद करितो. वस्तुतः ती दुसरी असते. पाठभेद नोंदविणारास ही चूक क्षुल्लक नव्हे.

त्याहून मोठा घोटाळा क्रमाचा आहे. फायलींस १, २, ३ अशीं नुसतीं नांवें दिलेलीं. यंत्रानें तीं अंक म्हणून न वाचतां अक्षरें म्हणून लाविलीं. त्यामुळें १ नंतर १०, मग ११, आणि १९ संपल्यावर २, असा क्रम लागला. वाचकापुढें पहिल्या पत्राच्या पाठोपाठ सहाव्या पत्राची पहिली बाजू येऊन उभी राहते. संस्कृत न जाणणारास हें कळावयाचें नाहीं, आणि जाणणारा ग्रंथकारास असंबद्ध ठरवील. ०००१, ०००२ अशीं नांवें दिलीं असतीं तर हा प्रकार टळता. पण ग्रंथाचा क्रम केवळ फायलीच्या नांवावर सोंपविणें हीच मुळीं लंगडी रीत आहे.

आमचे जुने नकलकार या कामीं अधिक सावध होते. पत्राच्या पाठीवर डाव्या समासांत वर ग्रंथनामाचें संक्षिप्त रूप व पत्रांक, उजव्या समासांत खालीं पुन्हां पत्रांक आणि पुष्कळदां ‘राम’ हीं अक्षरें; म्हणजे पोथी सुटून दहा पोथ्यांत मिसळली तरी प्रत्येक पत्र आपलें कूळ सांगे. आजच्या चित्राच्या कपाळीं ‘आयएमजी ०४५१’ एवढेंच असतें.

याचा उपाय नवा शोधावयाचा नाहीं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें सांभाळलेली ‘मेट्स’ नांवाची नोंदपद्धति या शतकाच्या आरंभापासून चालू आहे. तिच्या पहिल्या आवृत्तींत बाकीचे सर्व भाग ऐच्छिक, रचनेचा नकाशा तेवढा अनिवार्य. यावरून योजकांनीं मर्म कोठें ओळखलें तें दिसतें. या नकाशांत यंत्राचा अनुक्रमांक एका ठिकाणीं व मूळ कागदावरचा अंक दुसऱ्या ठिकाणीं लिहितां येतो. ‘२४’ हा एक, ‘१२ ब’ हा दुसरा. दोहोंची गल्लत होण्याचें कारण उरत नाहीं. ज्या पत्राचें चित्र नाहीं त्याची रिकामी जागाही राखतां येते.

चित्रें वाचकांस दाखविण्याची ‘ट्रिपल-आय-एफ’ ही पद्धतिही विचारार्ह आहे. २०२० सालीं निघालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तींत पानें वरून खालीं वाचावयाचीं, असें सांगण्याची सोय आहे. इंग्रजी बांधणीच्या पुस्तकाप्रमाणें मागील पानाची पाठ डावीकडे व पुढील पानाचें तोंड उजवीकडे मांडलें तर पोथीचें रूप बिघडतें. पोथींत उलटलेलें पत्र वर जातें व पुढचें खालीं राहतें. एकाखालीं एक बंद चिकटवून केलेल्या लांब मोडी कागदांसाठीं, तुकड्यांचीं चित्रें सलग जोडून दाखवावीं, असाही निर्देश करितां येतो. सांध्यावर मुद्रा उठविलेली असली तर तिचे दोन अर्ध निराळे पडूं नयेत, एवढ्यासाठीं तरी तो करावा.

कित्येक संस्था प्रत्येक बाजूची स्वतंत्र नोंद करितात. तेथें ग्रंथ एकीकडे व शक आणि नकलकाराचें नांव सांगणारी पुष्पिका दुसरीकडे, अशी ताटातूट होते. उलट कांहीं संस्था सर्व चित्रांची एकच पीडीएफ करून मूळ चित्रें काढून टाकतात. उतरून घेण्यास ती सोयीची, हें आम्ही नाकारीत नाहीं. जतनासाठीं तिचा निराळा प्रकारही २००५ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला आहे. परंतु फाईल लहान व्हावी म्हणून चित्रें काळीं-पांढरीं केलीं कीं हरताळाचा पिवळा लेप ओळखूं येत नाहीं. नकलकारानें खोडलेलीं अक्षरें कोणतीं व राखलेलीं कोणतीं हें कसें ठरवावें? मूळ रंगीत चित्रें टिफ स्वरूपांत एकेक राखावीं, त्यांवर एक नकाशा असावा, आणि वाचकांच्या सोयीसाठीं पीडीएफ हवी तर त्यांतून काढावी.

आतां २९ व्या पत्राविषयीं. २८ व्या पत्राच्या शेवटीं वाक्य अर्धें तुटतें आणि ३० व्याच्या आरंभीं निराळाच विषय चालू असतो. तेव्हां नकलकारानें अंक चुकविला असें म्हणतां येत नाहीं. पत्र मुळांतच नव्हतें, कीं चित्र घेतांना राहिलें? नोंदींत याविषयीं एक अक्षर नाहीं. समासांतील अंक वाचून आम्हीं सर्व चित्रांची अनुक्रमणी तयार केली व संस्थेकडे पाठविली. ती त्यांनीं स्वीकारल्याचें उत्तरही आलें. त्यानंतर मूळ पोथी पाहावी म्हणून त्या घरीं गेलों. माळ्यावरची पेटी यजमानांनीं आमच्यासमोर उघडली. पोथीस वाळवी लागली होती. फळ्यांच्या मध्यें माती आणि कांहीं कडा एवढेंच उरलें होतें.