गवत आणि अग्नी : ख्रिस्ती देहधारण-सिद्धांताची एक समीक्षा

कोणत्याही मताचे खंडन करण्यापूर्वी ते मत त्याच्या अनुयायास मान्य होईल अशा शब्दांत मांडले पाहिजे, हा वादाचा प्राथमिक नियम आहे. ‘कथावत्थु’मध्ये प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्याच मुखाने वदवून घेतले जाते आणि मगच त्याची तपासणी होते. ख्रिस्ती धर्माविषयी लिहिताना आपण हा नियम नेहमीच पाळतो असे म्हणता येत नाही. येशू हा ईश्वराचा एक अवतार होय, आणि अमर आत्म्याने मरणानंतर स्वर्गात जाणे ही ख्रिस्ती माणसाची आशा होय, अशी दोन गृहीते आपण धरून चालतो. मग अवतारवाद आणि आत्मवाद यांच्याविरुद्ध सिद्ध असलेले युक्तिवाद तेथे लागू केले की काम संपले, असे आपल्याला वाटते.

प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नव्हता. ‘ब्रह्मजालसुत्ता’तील 62 दृष्टी शिकविताना ख्रिस्ती मताची गणना तो अनेक वर्षे सस्सतवादात करीत असे. एके वर्षी वर्गातील एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने विचारले, “सर, आत्मा अमर आहे एवढेच आमचे म्हणणे असते, तर वडिलांचा देह मातीत ठेवताना आम्ही तो पुन्हा उठेल असे का म्हटले?” त्याचे वडील त्याच वर्षी निवर्तले होते. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढील विवेचन हे त्या उत्तराचा शोध घेण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ईश्वराचा शब्द ‘सार्क्स’ झाला असे विधान आहे. या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ मांस असा आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये येथे ‘देही’ हा शब्द योजलेला आहे. परंतु गीतेच्या परिचयामुळे मराठी वाचकाच्या मनात ‘देही’ म्हणजे देहात राहणारा आणि जीर्ण वस्त्राप्रमाणे देह टाकून दुसरा देह घेणारा आत्मा, असा अर्थ रुजलेला आहे. म्हणजे जेथे मूळ ग्रंथ मांसाविषयी बोलतो, तेथे आपण आत्म्याविषयी ऐकतो. ‘अवतार’ या शब्दाने हा गोंधळ अधिकच वाढतो. अवतार अनेक होतात आणि कार्य संपताच ते रूप मागे पडते. ख्रिस्ती देहधारण मात्र एकदाच घडते, आणि धारण केलेला देह पुढे कधीही टाकला जात नाही. थडग्यातून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, हे योहान मुद्दाम नोंदवितो.

या देहाच्या खरेपणासाठी ख्रिस्ती परंपरेला आरंभापासून झगडावे लागले. येशूचा देह हा केवळ आभास होता, त्याने दुःख भोगल्यासारखे दिसले एवढेच, असे मानणारा पंथ फार लवकर निर्माण झाला. अंतियोखचा इग्नाशिअस याने दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी आपल्या पत्रांतून त्याचा कठोर निषेध केला. पालीच्या अभ्यासकास येथे ‘कथावत्थु’च्या 18 व्या वग्गातील मनुस्सलोककथेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. भगवान बुद्ध मनुष्यलोकात वास्तविक राहिलेच नाहीत, असे मत तेथे पूर्वपक्षात येते. अट्ठकथा ते वेतुल्यकांचे म्हणून सांगते. थेरवादी उत्तर अत्यंत साधे आहे. लुंबिनीत जन्म झाला, बोधिवृक्षाखाली संबोधी झाली, वाराणसीस धम्मचक्र प्रवर्तित झाले आणि कुसिनारा येथे परिनिर्वाण झाले, हे सारे मग काय होते?

अशा रीतीने दोन्ही परंपरांनी आपल्या शास्त्याचा खरा, दुखणारा, मर्त्य देह राखला. त्यामागील कारणे मात्र परस्परविरुद्ध आहेत. माणसाने स्वप्रयत्नाने जे साध्य केले ते माणसाला साध्य होते, हे टिकावे म्हणून थेरवादाने बुद्धांचे मनुष्यत्व राखले. ईश्वराने खरोखर मांस धारण केले नसेल तर मांसाचा उद्धार झालाच नाही, म्हणून चर्चने येशूचे मनुष्यत्व राखले.

हा दुसरा युक्तिवाद सर्वांत स्पष्टपणे मांडणारा ग्रंथ म्हणजे अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासिअस याचे, चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातील, शब्दाच्या देहधारणाविषयीचे पुस्तक होय. अथानासिअस 328 पासून 373 मधील मृत्यूपर्यंत बिशपपदावर होता आणि या काळात त्याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. त्याच्या विवेचनाचा आरंभ बौद्ध वाचकास चकित करील. मनुष्य शून्यातून निर्माण झाला असल्यामुळे स्वभावतःच तो नाशाकडे झुकलेला आहे, असे तो म्हणतो. देहाची अनित्यता तो नाकारीत नाही. तीच त्याची मूळ समस्या आहे. आत्म्याचे अमरत्व त्यालाही मान्य आहे, परंतु त्याची आशा तेवढ्यावर थांबत नाही. नाश देहातच शिरलेला असल्याने जीवनही देहातच शिरले पाहिजे, असे तो प्रतिपादितो. म्हणून शब्दाने मरू शकणारा देह घेतला आणि मरणाला त्यात येऊ देऊन त्याची शक्ती संपविली.

यासाठी त्याने दिलेली उपमा मोलाची आहे. गवत स्वभावतः जळणारे आहे. अग्नी दूर ठेवला तरी ते जळण्याजोगेच राहते. पण तेच गवत ॲस्बेस्टॉसने आच्छादिले तर त्याला अग्नीचे भय उरत नाही. गवत गवतच राहते; त्याचे रक्षण त्याच्या गुणाने नव्हे, तर आच्छादनाच्या गुणाने होते. देह हा गवत, मरण हा अग्नी आणि शब्द हे आच्छादन.

म्हणून ख्रिस्ती पुनरुत्थानाची आशा नुसत्या सस्सतवादात बसत नाही, कारण देह आपल्या बळावर टिकतो असे ती म्हणत नाही. ती उच्छेदवादातही बसत नाही, आणि पुनर्जन्मही नव्हे. माझ्या वर्गीकरणातील चूक येथे होती.

आता समीक्षा. अथानासिअसचा एक प्रमुख पुरावा असा की ख्रिस्ताचे अनुयायी, स्त्रिया आणि मुलेसुद्धा, मरणास हसत सामोरे जातात. तेव्हा मरण पराभूत झालेच असले पाहिजे. हा पुरावा अपुरा आहे. ‘मज्झिमनिकाया’तील पुण्ण स्थविर सुनापरान्तास जावयास निघतात. हा प्रदेश म्हणजे सोपाऱ्याभोवतालचा आपला उत्तर कोकण, असे सामान्यतः मानले जाते. तेथील लोक शिव्या देतील, मारतील, ठारही करतील, असे भगवान एकामागून एक विचारतात, आणि पुण्णांचे चित्त कोठेही विचलित होत नाही. येथे देह परत मिळण्याची आशा नाही, तरी निर्भयता पूर्ण आहे. निर्भयतेवरून श्रद्धेचे बळ सिद्ध होते. श्रद्धेच्या विषयाचे सत्यत्व सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बुद्धवचनातही अग्नीची उपमा आहे. ‘अग्गिवच्छगोत्तसुत्ता’त अग्नी विझतो तो इंधन संपल्यामुळे. पालीत इंधनाला ‘उपादान’ म्हणतात आणि आसक्तीलाही ‘उपादान’च म्हणतात. अथानासिअस गवत वाचवू पाहतो. तथागत विचारतात की गवताला ‘माझे’ म्हणणे हेच जळणे नव्हे काय? जे संखत आहे ते कोणत्याही आच्छादनाने असंखत होत नाही, ही आपली भूमिका आहे. यावर ख्रिस्ती उत्तर असे येईल की येथे धरून ठेवणारा मनुष्य नसून ईश्वर आहे आणि ते धरणे तृष्णेचे नसून प्रेमाचे आहे. हे उत्तर हास्यास्पद नाही. तथापि त्यात मुक्तीचा दाता मनुष्याबाहेर जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (1957) या ग्रंथात मार्गदाता आणि मोक्षदाता असा जो भेद केला, त्याचे खरे स्थान हेच आहे. खरा मतभेद अवताराविषयी नाही, एकट्या आत्म्याविषयीही नाही. नाशवंताला दुसरा कोणी अविनाशी करू शकतो काय, हा तो मतभेद आहे.

लूकच्या शुभवर्तमानात नाईन गावच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची तिरडी येते. येशूला तिचा कळवळा येतो आणि तो मुलाला उठवून आईच्या स्वाधीन करतो. आपल्या परंपरेत किसागोतमी मृत बालक कडेवर घेऊन येते. तिला मोहरी आणण्यास घरोघर पाठविले जाते, आणि परतताना तिचे हात रिकामे पण दृष्टी स्वच्छ असते. करुणा दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ती मूल परत देते. दुसऱ्या ठिकाणी मरण कोणत्याच घराला चुकलेले नाही, हे आईला स्वतःच पाहू देते. प्रस्तुत लेखकास दुसरा मार्ग सत्य वाटतो. परंतु पहिला मार्ग धरणाऱ्यांची आशा ही नुसती आत्म्याची हाव नसून, ज्या देहावर प्रेम केले त्या देहाविषयीची निष्ठा आहे, हे मान्य केल्यावाचून त्यांच्याशी वाद करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. त्या विद्यार्थ्याला हे मी तेव्हाच सांगावयास हवे होते.