गंजाच्या धड्यातून निसटलेला प्रश्न

लोखंड गंजण्याच्या धड्यात तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग ठरलेला. एकीत पाणी व हवा, दुसरीत उकळलेल्या पाण्यावर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. पहिल्या नळीतला खिळा गंजतो. म्हणून गंजण्यास पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. निष्कर्ष बरोबर आहे. आक्षेप आहे तो धडा तिथेच संपवण्याला. गंजाचा पहिला ठिपका कुठे उमटला? तसाच दुसरा खिळा त्याच वेळी गंजला का? हे कोणी विचारत नाही.

मिअर्स आणि इव्हान्स यांनी १९३५ सालच्या शोधनिबंधात नेमके हेच विचारले. लोखंडी पत्र्यावर एकसारखे अनेक थेंब ठेवून कितींखाली गंज धरतो, हे त्यांनी मोजले. काहींखाली धरला, काहींखाली नाही. गंज सुरू होण्याची शक्यता आणि सुरू झाल्यावरचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. ऑक्सिजन वाढवल्यावर वेग वाढला, शक्यता मात्र घटली! कारण धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा ऑक्सिजनच सांधत असतो.

स्टेनलेस स्टीलवरील असा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचाच असतो. क्लोराइडमुळे त्याला सूक्ष्म भोके पडतात व बहुतेक लगेच बुजतात. एखादे टिकले, तर आतला द्राव आम्लधर्मी होतो, आणखी क्लोराइड आत खेचला जातो आणि खड्डा आपणच आपल्याला वाढवतो. कोणते भोक टिकेल, हे आधी सांगता येत नाही. पण हा निव्वळ गोंधळ नव्हे. मँगनीज सल्फाइडचे कण असतील तिथे शक्यता अधिक. क्षार आणि तापमान वाढले की तीही वाढते. एक खड्डा शेजारची शक्यता वाढवतो, म्हणून खड्ड्यांची साथ एकाएकी पसरते, असे २००४ साली ‘सायन्स’मधील एका शोधनिबंधाने दाखवले.

सरासरी इथे फसवते. टाकीचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण एका छिद्राने ती निकामी होते.

यदृच्छेने मुले गोंधळतील, ही सबब पुरेशी नाही. नाणेफेक त्यांना ठाऊक असते. स्वच्छ घासलेल्या लोखंडी पत्र्यावर पन्नास चौकटी आखाव्यात, प्रत्येकीत नळाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा, थेंब सुकू नयेत म्हणून वर भांडे उपडे घालावे. दर तासाला गंजलेले थेंब मोजावेत. मग किंचित मीठ घालून तेच पुन्हा करावे. ‘गंजेल का?’ याऐवजी ‘किती थेंब, किती वेळात?’ असे वर्गाने विचारले, की हा धडा पुरा होईल.