‘अरुणोदया’तील धैर्य

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्याचे स्थान वादातीत आहे. तथापि उपदेशात त्याचा दाखला बहुधा ज्या रीतीने दिला जातो, ती आम्हांस ग्रंथाला न्याय देणारी वाटत नाही. बाबांनी जातीची व आप्तांची पर्वा न करता प्रभूचा स्वीकार केला, मग तुम्ही का कचरता, असे श्रोत्यांना विचारले जाते. शूराची कथा सांगून भित्र्याला लाजविणे, एवढेच ग्रंथाचे प्रयोजन उरते. आमच्या मते त्याचे मर्म निराळे आहे.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावी, कासार समाजात झाला. मिशनच्या शाळेत पवित्र शास्त्राशी त्यांचा परिचय झाला. परंतु बाप्तिस्मा झाला तो १८५४ साली. मधला काळ वाचनाचा, शंकांचा आणि मनाच्या ओढाताणीचा आहे. बुद्धीला पटलेले सत्य ओठांवर यावयास किती अवधी लागतो, हे ग्रंथ प्रांजळपणे दाखवितो. म्हणूनच आम्ही त्याला विजयगाथा न म्हणता कबुलीजबाब म्हणतो.

या दृष्टीने परमहंस सभेचा भाग विशेष मननीय आहे. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी स्थापिलेल्या या सभेत बाबाही होते. जातिभेद मोडण्याची खूण म्हणून सभासद एकत्र पाव खात. पण ते दाराआड. पुरेशी संख्या होईपर्यंत प्रकट व्हावयाचे नाही, असे धोरण होते. १८६० च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीस गेले, नावे फुटण्याचे भय पसरले आणि सभा विसकटली. ती माणसे क्षुद्र नव्हती. त्यांच्यापैकी काहींनी पुढे १८६७ साली प्रार्थना समाज उभारला. तरी गुप्ततेच्या आधारावर उभे राहिलेले सत्य ती गुप्तता सुटताच कसे डळमळते, याचे हे बोलके उदाहरण आहे. उलट, बाबांचा बाप्तिस्मा झाला तो बेळगावात, जेथे त्यांचे घराणे ओळखीचे होते.

ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जुन्या धर्माचे खंडन करताना बाबांची लेखणी कित्येकदा कठोर होते. तो त्या काळच्या वादविवादाचा संस्कार आहे. परंतु साक्ष आणि खंडन या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या आशेविषयी उत्तर द्यावे, पण ते सौम्यतेने द्यावे, असे पेत्र सांगतो (१ पेत्र ३:१५). आमच्या अनुभवात मोठ्या आवाजाला धैर्य समजण्याची चूक मंडळीत वारंवार होते. जेथे लेखक दुसऱ्यांच्या चुका मोजतो, तेथे वाचक दूर सरतो; जेथे तो स्वतःचे भय उघड करतो, तेथे जवळ येतो.

पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनींना याचा उपयोग काय? आपल्या परिचयात असे कोणी ना कोणी असतेच, ज्याने अंतःकरणात प्रभूला मानले आहे, पण घरी सांगितलेले नाही. त्याला ‘अरुणोदया’चा चाबूक दाखवू नये, ग्रंथच वाचावयास द्यावा. निकदेम प्रथम रात्री आला, मग सभेत एक न्याय्य प्रश्न विचारता झाला आणि शेवटी प्रभूच्या देहासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन आला (योहान ३, ७, १९). प्रभूने त्याला रात्री आल्याबद्दल परत पाठविले नाही. मात्र त्याला रात्रीतच राहू दिले, असेही नाही. ‘अरुणोदया’चा खरा बोध या दोहोंच्या मध्ये आहे. पहाट हळूहळू होते. पण ती दिवसाकडेच जाते. संकोचणाऱ्याची वाट धीराने पाहणे आणि ती वाट कोठे नेते हे त्याला स्पष्ट सांगणे, ही दोन्ही आपली कामे आहेत. त्यांतील एकच करणारा सेवक निम्मीच सेवा करतो.